पळसदरीची हिरवळ

"तुझा म्हातारा ओट्यावर बसलेला बरा दिसणार नाही," हे म्हणाले आणि बशीत सांडलेला चहा जपून कपात परत ओतायला लागले. बस, एवढंच. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. मुलुंडच्या आमच्या ब्लॉकमध्ये सकाळी दूधवाल्याबद्दल बोलतात तसं बोलून मोकळे झाले. मी बाबांना पळसदरीच्या घरी आणून ठेवू या म्हणून विचारलं होतं. ते घर आठवडाभर रिकामंच असतं. पावसाळा सोडला तर शनिवारी-रविवारी आम्ही जातो, कुलूप काढतो, कोळिष्टकं झाडतो आणि पुन्हा कुलूप लावून येतो. खर्च वाढेल, म्हाताऱ्या माणसाचं आजारपण कोण काढणार, असलं काहीतरी म्हणतील याची मी तयारी ठेवली होती. त्याला उत्तरंही शोधून ठेवली होती. पण बरं दिसणार नाही, याला उत्तर नसतं. भात खाताना दाताखाली खडा यावा तसं झालं. घास थुंकताही येईना, गिळताही येईना. मी यांच्याकडे बघत राहिले. बशी कोरडी झाल्यावर यांनी ती रुमालानं पुसली.

बरं दिसणं या एका गोष्टीवर यांनी सगळा संसार उभा केला. डब्यात सुकट नेलेली बरी दिसत नाही. दारात उभं राहून शेजारणीशी मोठ्यानं बोललेलं बरं दिसत नाही. मी माहेरच्यासारखं 'नाय' म्हटलं की लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं हे तोंड दुसरीकडे फिरवायचे. मग मी 'नाही' म्हणायला शिकले, आणि पुढे पुढे तर काही न म्हणायलाच शिकले. वास्तविक यांचे वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर कापड विणायला होते आणि यांचं पाळण्यातलं नाव मालोजी. पण दारावरच्या पाटीवर एम. एम. मोकल. मालोजीचा नुसता एक एम उरला, आणि तोही ऑफिसातल्या कुणी उलगडून विचारू नये म्हणून यांचा जीव वरखाली होतो. माझ्या बाबांची खालापूरच्या अलीकडे थोडी भातशेती. साहेबांपुढे हे तिला 'मिसेसची इस्टेट' म्हणतात. इस्टेटीचा मालक गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन दारात आला तर इस्टेट कुठे लपवायची, हा यांचा खरा प्रश्न. मला यांचा राग येत नाही. राग यायला समोर माणूस थोडा तरी मोठा असावा लागतो.

पळसदरीला घर घेतलं तेही यांच्या ऑफिसातल्या सबनीससाहेबांचा बंगला तिथे धरणाजवळ आहे म्हणून. साहेबांच्या कंपनीचा कारखाना खोपोलीला, त्यामुळे त्यांना ते सोयीचं. आम्हाला काय सोयीचं ते देव जाणे. दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटा आणि ओट्यापुढे हिरवळ. साहेबांच्या बंगल्यापुढे हिरवळ आहे, म्हणून आमच्याही. मुंबईच्या नर्सरीतून ओल्या गोणपाटात गुंडाळून गवत आणलं. डोंगरउतारावर नजर जाईल तिथवर गवतच गवत उगवणाऱ्या गावात आम्ही टेंपो करून गवत आणलं, आणि ते उतरवून घेताना गावातली माणसं कुंपणाला हात लावून उभी होती, ती का हसतायत हे यांना कळलं नाही. मला कळलं. हिरवळीच्या कडेनं चुना लावलेल्या विटा तिरक्या पुरल्या. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची तेव्हा मी आंघोळीचं पाणी बादलीत साठवून त्या गवताला घालत असे. शिंप्याच्या कात्रीनं हे गुडघ्यावर बसून त्याची टोकं सारखी करायचे. सकाळी हिरवळीवर अनवाणी चाललं की दृष्टी सुधारते असं कुठल्याशा मासिकात वाचून त्यावर चालायचे. यांच्या चष्म्याच्या नंबरात काडीचा फरक पडला नाही. आणि गाय आत शिरली तर ज्या चपळाईनं हे धावायचे, त्या चपळाईनं मी कधी यांना कुणा माणसासाठी धावताना पाहिलं नाही.

तर त्या कार्तिकातल्या रविवारी सबनीससाहेब आणि त्यांच्या बाई आमच्याकडे जेवायला येणार होते. खोपोलीच्या कारखान्यात मॅनेजरची जागा रिकामी होणार होती, आणि माणूस कसा राहतो हे साहेब त्याच्या घरी जेवून ठरवतात अशी ऑफिसात समजूत होती. ओट्याबद्दलचं ते बोलणं होऊन आठवडा झाला होता. त्यावर मी पुन्हा तोंड उघडलं नव्हतं आणि यांच्या तर ते लक्षातही नव्हतं. शनिवारी सकाळी आम्ही पळसदरीला उतरलो तेव्हा पावसाळाभर न झाडलेलं आवार बघून यांचा चेहरा उतरला. कुंपणाला रानवेलींचा विळखा, मागे परसात बांधकामाच्या वेळचा राडारोडा, सिमेंटच्या कुजक्या गोण्या, फुटक्या बाटल्या, गंजलेला पत्रा, एक पाय मोडकी खुर्ची, त्यात कुठल्याशा कुत्रीनं घातलेली पिल्लं. "लोकल लेबर लावू," हे म्हणाले. ऑफिसात हा शब्द ऐकला तेव्हापासून गावातल्या कुठल्याही माणसाला हे लोकल लेबरच म्हणतात. मी गावात जाऊन कोंडाजी आणि त्याची बायको सोनाबाई यांना बोलावून आणलं. ही दोघं पावसाळ्यात स्वतःची शेती करतात आणि एरवी शनिवारवाल्यांच्या बंगल्यांची आवारं साफ करून देतात, कचरा गाडीत भरून जुन्या खाणीच्या खड्ड्यात टाकून येतात. कामाला वाघ. पण हे त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक शब्द तोडून बोलायला लागले. बोट फिरवून सगळं आवार दाखवलं. "सगळं साफ. अगदी स्वच्छ अंगण पाहिजे. गवताची काडी दिसता कामा नये. मोठे साहेब येणार आहेत." कोंडाजीनं हिरवळीकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "सगळं?" त्यानं विचारलं. यांना उलट विचारलेलं खपत नाही. "सगळं म्हणजे सगळं. एकदा सांगितलेलं समजत नाही का?" असं म्हणून यांनी घड्याळ पाहिलं आणि खोपोलीची गाडी पकडायला निघाले. रात्री कारखान्याच्या गेस्ट हाउसवर राहून रविवारी दुपारी साहेबांच्याच गाडीतून यायचं, असा बेत होता. साहेबांच्या फियाटमधून उतरताना गावानं आपल्याला पाहावं, हा त्यातला खरा बेत.

कुणी म्हणेल, हिरवळ ठेवायची आणि तण काढायचं, हे कोणालाही समजेल. कोणालाही म्हणजे कोणाला? कार्तिकात भात पिवळं पडलं की आमच्याकडे प्रत्येक घर अंगण उघडं करतं. पावसाळ्यात माजलेलं गवत मुळासकट खरवडायचं, माती सारखी करायची, पाणी शिंपडून चोपण्यानं चोप चोप चोपायची आणि वर शेणानं सारवायचं. ते खळं. भारे तिथे झोडायचे, दाणा तिथे पडायचा. त्यात गवताची एक काडी राहिली तर घरच्या बाईची गावात शोभा. साफ अंगण म्हणजे काय हे कोंडाजीला विचारा, सोनाबाईला विचारा, लग्नाआधीच्या मला विचारा. मोठी माणसं यायची आहेत आणि अंगणात गवत, याच्यासारखी लाज दुसरी नाही. गवत हौसेनं लावतात, पाणी घालून वाढवतात आणि कापतात, आणि ते काढायचं नसतं, हे शहाणपण मुलुंडला मिळतं, पळसदरीला नाही. यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण ठाऊक असणं बरं दिसलं नसतं.

दुपारपर्यंत त्यांनी परस उपसलं. पालापाचोळ्याचा ढीग कोंडाजीनं वेगळा घातला. उन्हाळ्यात राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला तो त्याला शेतावर हवा होता. बाटल्या-पत्रा गाडीत गेला. सोनाबाईनं कुत्रीची पिल्लं पदरातून नेऊन विहिरीमागे ठेवली. मग ती दोघं फावडी घेऊन पुढे आली, आणि कोंडाजी हिरवळीच्या कडेला थांबला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. "बाई, ह्यो मदला पट्टा बी काडू ना?" त्यानं विचारलं. "सायेब सगळं बोल्लेत, पन तुमाला इचारलेलं बरं."

माझी बोटं तांदळात थांबली. एक शब्द पुरला असता. मला सगळं स्पष्ट दिसत होतं. उद्याची फियाट, यांचा चेहरा, साहेबांचा चेहरा, मॅनेजरची जागा. आणि त्याच्यापलीकडे बाबा दिसत होते. आई गेल्यावर बाबा एकटे पडले. गणपतीत मी गेले तेव्हा चुलीपुढे उकिडवे बसून पिठलं ढवळत होते. मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं, पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या, आणि त्या मला दिसू नयेत म्हणून त्यांनी माझ्या ताटात वरचं वरचं वाढलं. चुलतभावानं अर्ध्या घरात कांद्याच्या गोणी भरल्या होत्या. निघताना एस्टीच्या थांब्यावर बाबा म्हणाले, तुझ्या बंगल्याला राखण लागत असंल तर सांग गं, मी येईन राखणीला. लेकीच्या घरी राहायला येऊ का असं नाही विचारलं त्यांनी. राखणीला येईन म्हणाले. तेवढ्यासाठी मी मुलुंडला चहाच्या वेळी शब्द टाकला होता, आणि तिथे ते वाक्य आलं. "साहेब काय म्हणाले ते ऐकलंत ना?" मी कोंडाजीला म्हणाले आणि पुन्हा तांदळाकडे बघायला लागले. हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. इतकी वर्षं शहरात काढून एवढंच काय ते मी शिकले होते.

कोंडाजीनं फावडं मारलं. नर्सरीचं गवत चादरीसारखं उलटलं. खाली मुळं पांढरी, लोचट, वीतभरही खोल गेलेली नव्हती. इतकी वर्षं आंघोळीचं पाणी पिऊन एवढीच रुजली होती. मला हसू आलं. वाईट वाटेल म्हणून मी वाट पाहत होते, पण वाटलं नाही. चुन्याच्या विटा त्यांनी उपटून कुंपणाशी रचल्या. गवताचे तुकडे सोनाबाईनं टोपलीत भरून म्हशीपुढे टाकले. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. "हे कसलं गवात म्हनायचं," सोनाबाई मला येऊन सांगून गेली. तिच्या भावकीतल्या बाया आल्या आणि उन्हं कलल्यावर चोपणी सुरू झाली. ओल्या मातीवर लाकडी चोपण्याचा तो धप्‌ धप्‌ आवाज किती वर्षांनी ऐकत होते. आमच्या घरी बाबा चोपायचे, आई पाणी शिंपडायची. मला हातात लहान चोपणं द्यायचे आणि माझ्या हातून खड्डा पडला की बाबा न बोलता तो बुजवायचे. चोपलेल्या जमिनीवर ते गाल टेकवून आडवे व्हायचे आणि तिच्या पातळीत डोळा लावून उंचसखल बघायचे. असा माणूस ओट्यावर बसलेला बरा दिसत नाही. बरा कोण दिसतो? कात्रीनं गवत कापणारा?

खाली उतरावं, एखादं चोपणं घ्यावं असं फार वाटलं. उतरले नाही. बंगल्याची बाई खाली उतरून चोपायला लागली तर सोनाबाईलाच ते बरं दिसलं नसतं; तिनं माझ्या हातून काढून घेतलं असतं. आणि खरं सांगायचं तर मलाही हातांची लाज वाटली. मऊ झालेत. मी ओट्यावर बसून चहा पाठवत राहिले आणि यांच्याबद्दल वाटणारी सगळी घृणा हळूहळू माझ्यावर सांडायला लागली. कोणी हिरवळ उपटायला सांगितलं? यांनी. कोणी उपटली? कोंडाजीनं. मी काय केलं? तांदूळ निवडले. ज्याला आयुष्यभर मनात भेकड म्हणत आले त्याच्यापेक्षा माझं शौर्य ते काय वेगळं होतं? रविवारी सकाळी शेण आलं. सारवून झाल्यावर बायांनी कडेनं पांढऱ्या मातीचा पट्टा काढला. ऊन पडलं आणि अंगण सुकत सुकत फिकट हिरवं झालं. त्या घराला मी एवढं सुंदर कधी पाहिलं नव्हतं. मी आंघोळ केली, इस्त्रीचं लुगडं नेसले आणि यांच्या येण्याची वाट पाहत बसले. मला भांडण हवं होतं. साहेबांदेखत यांनी ओरडावं, कोण म्हणालं, कोणी केलं, म्हणावं. मग मी एकदाच काय ते सगळं बोलणार होते.

फियाट आली. पुढच्या सीटवरून हे उतरले आणि साहेबांसाठी दार उघडायला धावले, त्यामुळे यांची पाठ अंगणाकडे होती. दार उघडून वळले तेव्हा यांना ते दिसलं. यांचा चेहरा आधी रिकामा झाला, मग राखेसारखा. तोंड उघडलं. पण यांच्या तोंडातून आवाज निघायच्या आत सबनीससाहेब "अहाहा" म्हणाले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि बाईंना म्हणाले, बघ, याला म्हणतात घर. आपण काय ते विलायती गवत लावून बसलोय. यांचं तोंड उघडं होतं ते तसंच हळूहळू हसण्यात बदलत गेलं. हा बदल मी ओट्यावरून नीट पाहिला. साहेब पुढे पाऊल टाकणार तेवढ्यात सोनाबाई आडवी आली. तिला मोठे साहेब आणि धाकटे साहेब सारखेच. "वहाना काडा, सायेब," ती म्हणाली. "खळ्यात वहाना घालून नाय जात." साहेब हसले आणि बूट काढायला वाकले. हे त्यांच्या आधी वाकले. मोज्यांनिशी दोघे आत आले. हे म्हणत होते, मुद्दाम करून घेतलं साहेब, म्हटलं आपली जुनी पद्धत आहे, ती सोडू नये. एवढ्या उठाठेवीनंतर हे असं. यांना पाडावं म्हणून खड्डा खणला तर हे त्यातून मातीचा टिळा लावून वर आले. मी चूळ भरून टाकावी तसा तो विचार टाकला आणि पानं वाढायला आत गेले.

ओट्यावर जेवताना साहेब खळ्याबद्दलच बोलत होते. सबनीसबाईंनाही आपल्या बंगल्यापुढे अगदी असंच पाहिजे होतं. साहेबांनी ओट्याखाली भाकरी खात बसलेल्या कोंडाजीला हाक मारून विचारलं, आमच्याकडे कधी येतोस? कोंडाजीनं सांगितलं, उद्यापासून त्याची कापणी, आता माघापर्यंत वेळ नाही. गावातलं दुसरंही कुणी मिळायचं नाही, सगळ्यांचीच कापणी. साहेब जरा खट्टू झाले. साहेब खट्टू झालेले यांना बघवत नाहीत. यांनी घास तसाच हातात ठेवला. "मी पाठवतो ना, साहेब," हे म्हणाले. "खालापूरकडचा एक म्हातारा आहे माझ्या माहितीतला. या कामात मुरलेला. रिकामाच बसलेला असतो. निरोप दिला की येईल, दोन वेळचं जेवण दिलंत तरी खूश."

मी वरण वाढत होते. भांडं खाली ठेवलं. मला वाटलं होतं ओरडेन, रडेन, माहेरच्या बोलीत चार शिव्या हासडेन. त्यातलं काही झालं नाही. मी पदर सारखा केला आणि यांनीच शिकवलेल्या स्वच्छ मराठीत बोलले. "ते माझे वडील आहेत, साहेब," मी म्हणाले. "धर्माजी नाव त्यांचं. त्यांना कामाला नाही येता येणार. ते आता इथंच राहायला येतायत, या घरी. यांनीच बोलावलंय त्यांना."

 सबनीसबाई पानात बघत होत्या. साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. सासऱ्याला म्हातारा म्हणणारा माणूस आपल्या कारखान्यात मॅनेजर म्हणून कसा दिसेल, असा काही हिशेब ते करत असतील, नसतीलही. हे मात्र तसाच हिशेब समजून घाबरले. यांच्या हातातला घास पानात पडला. यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्या डोळ्यांत राग नव्हताच. वर्गात पकडल्या गेलेल्या पोराची भीती होती. साहेब म्हणाले, "असं होय, मोकल? मग हे फार चांगलं केलंत."

"हो, साहेब," हे म्हणाले. मग पाण्याचा घोट घेतला. "मीच म्हटलं, या वयात एकटे कशाला राहता. इथं या. ओट्यावर निवांत बसा."

मी पुन्हा भांडं उचललं आणि यांच्या पानात वरण वाढलं. यांनी मुकाट्यानं भात कालवला. झालं, ठरलं, आता यातून माघार नाही, कारण साहेबांना शब्द गेला. मला मिळायचं ते मिळालं होतं. आणि आनंद करायला गेले तर हाताला काहीच लागेना. यांच्याच लाचारीची काठी करून मी यांना हाणलं होतं. साहेब समोर नसते तर माझ्याही तोंडातून ब्र निघाला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. चांगली जोडी जमली म्हणायची आमची. उद्या मी पहिल्या एस्टीनं बाबांना आणायला जाईन. बाबा धुतलेलं धोतर नेसतील, काठी शोधतील, आणि एकच गोष्ट विचारतील, जावयानं आपनहून बोलावलं का गं? मी हो म्हणेन. मग खालापूरपासून खोपोलीच्या शिळफाट्यापर्यंत एस्टीत शेजारी जो बसेल त्याला ते हेच सांगत राहतील.